मार्क पॅटिसनला कॅसॉबन म्हणणं थांबवा

माझी पुतणी इंग्रजी घेऊन एम.ए. करते. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला मजकूर तिने नोट्समध्ये जसाच्या तसा उतरवला: ‘जॉर्ज एलियटच्या मिडलमार्चमधला पोकळ पंडित कॅसॉबन म्हणजे ऑक्सफर्डचा एकोणिसाव्या शतकातला विद्वान मार्क पॅटिसन. पैशासाठी पाद्री झाला, जन्मभर टिपणं काढली, पुस्तक एकही लिहिलं नाही.’ असलं काही पेपरात लिहिणार?

पुस्तक एकही नाही? 1868 मध्ये विद्यापीठाच्या पुनर्रचनेवर, 1875 मध्ये ग्रीकचा खराखुरा थोर विद्वान इझॅक कॅसॉबन याचं चरित्र, 1879 मध्ये मिल्टनवर. सोळाव्या शतकातला विद्वान स्कॅलिजर याचं चरित्र अपुरं राहिलं, हे खरं. पण ‘एकही नाही’ म्हणणाऱ्याने ग्रंथालयाची यादीसुद्धा पाहिलेली नाही.

‘तो कॅसॉबनच’ म्हणणाऱ्यांनी आधी कादंबरी वाचावी. 21व्या प्रकरणात कॅसॉबनचा तरुण नातेवाईक विल लॅडिस्लॉ कॅसॉबनच्या बायकोला, डोरोथियाला सांगतो, की कॅसॉबनला जर्मन येत असती तर त्याचे बरेच कष्ट वाचले असते. जर्मन अभ्यासक कधीच पुढे गेलेत. त्या माणसाची सगळी शोकांतिका इथे आहे. आणि पॅटिसन? जर्मन विद्वत्ता कोळून प्यायलेला. 1858 मध्ये टाइम्सचा वार्ताहर म्हणून तीन महिने बर्लिनला होता. ऑक्सफर्डने जर्मन विद्यापीठांकडून संशोधन शिकावं म्हणून तो आयुष्यभर भांडला. ज्या उणिवेवर ते पात्र उभं आहे, नेमकी तीच त्याच्यात नव्हती. शिवाय कादंबरी आली 1871-72 मध्ये. ती टोचली असती, तर तीनच वर्षांनी कॅसॉबन हेच नाव त्याने स्वतःच्या पुस्तकावर छापलं असतं का?

लग्नाचं मात्र नाइलाजाने मान्य करतो. कादंबरीत डोरोथिया कॅसॉबनहून वयाने खूप लहान आहे, इथेही तसंच. 1861 मध्ये तो 47 वर्षांचा, एमिली फ्रान्सिस 21 वर्षांची. संसार सुखाचा झाला नाही. एलियट त्या घरी जात-येत असे. तिथून काही उचललं असेल, नाही म्हणत नाही.

राहिलं पाद्रीपण. 1843 मध्ये दीक्षा घेतली तेव्हा तो ऑक्सफर्डमधल्या धार्मिक चळवळीचा नेता न्यूमन याचा कट्टर अनुयायी होता, पुरता भाविक. श्रद्धा ओसरली ती पुढे, आणि पाद्रीपद सोडलं तर ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजातलं स्थान धोक्यात येणार होतं. म्हणून तो त्यात अडकून राहिला. तरीही 1860 मध्ये ‘एसेज अँड रिव्ह्यूज’ या धर्मावरच्या वादग्रस्त निबंधसंग्रहात त्याने स्वतःच्या नावाने लिहिलं. त्यातल्या दोन सहलेखकांवर चर्चच्या कोर्टात खटले चालले. पैशासाठी पाद्री झालेला माणूस तिथे नाव घालत नाही.