बापूजींचा अंगठा

ओट्यावर जुना एसएलआर कॅमेरा उघडून बसलो आणि शेजारचे बापूजी हजर.

"काय करून राह्यला बे?"

"फोकसिंग स्क्रीन साफ करतोय."

"थे घाण फोटोत येते काय?"

"नाही. आरशातून चित्र या स्क्रीनवर पडतं, पण फोटोच्या वेळी आरसा वर जातो. ही फक्त डोळा लावला की दिसते."

"मंग कायले?"

या 'मंग कायले'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही, म्हणून तर राग आहे.

आरसा वर जाऊन जिथे आपटतो, तिथे पॉलियुरेथेनच्या फोमची पट्टी असते. हवेतला ओलावा पिऊन ती वर्षानुवर्षांत विरघळते आणि पाक बिघडलेल्या गुळासारखी स्क्रीनवर गळते. म्हणून आधी स्क्रीन काढायची, मग फोम खरवडायचा. उलट केलं की सगळा चुरा स्क्रीनवरच. निकॉन एफएम२ मध्ये लेन्सच्या तोंडातून चिमट्यानं कडी ओढली की स्क्रीनची चौकट खाली लोंबते. धातूवरचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेल्या दातकोरणीनं निघतो. आरशाला मात्र हात नको, त्याचा मुलामा वरच्याच अंगाला असतो.

"थिनर लाव ना बाप्पा, एका दमात सफा!"

स्क्रीन अ‍ॅक्रिलिकची. थिनर लागला की ती दुधी होते. फडक्यानं घासली की चिकटा तिच्यावरच्या फ्रेनेल भिंगाच्या बारीक गोल चऱ्यांत जाऊन बसतो.

मग बापूजींनी खिशातून बोंडाचा कापूस काढला. "घरचा हाये. याच्यापेक्षा मऊ काय रायते?" कापूस मऊच, पण त्यातल्या वाळल्या पत्तीचा एक कण ओरखड्याला पुरतो. हे सांगितल्यावर ते असे बघत राहिले, जणू मीच व्यापारी होऊन त्यांचा भाव पाडला.

कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, पाच मिनिटं भिजत, मग मऊ ब्रशचे हलके हात. शेवटी डिस्टिल्ड पाणी, कारण आपल्या बोरचं पाणी वाळलं की पांढरे ठिपके सोडतं.

"आमी थेच पेतो," बापूजी म्हणाले.

खरंच पितात. खारपाणपट्ट्यात कॅमेऱ्यासाठी शुद्ध पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं. माणसासाठी नळ येतो, नळातून पाणी कधी येईल ते विचारू नये.

रबरी ब्लोअरनं थेंब उडवले, स्क्रीन कडेवर उभी केली. आता फक्त वाळायची होती.

"पाहू त!" म्हणत बापूजींनी उचलली. कडेला धरून नाही. मधोमध, जिथे फोकस जुळवायची दुभंगलेली प्रतिमा, म्हणजे स्प्लिट इमेज असते, तिथे अंगठा टेकवून.

हाच अंगठा रेशनच्या मशिनीवर तीन-तीनदा दाबूनही उमटत नाही. कापूस वेचून, पऱ्हाट्या उपटून रेषा झिजल्या, म्हणून दुकानदार त्यांना उद्या या म्हणतो. उद्या गेलं की सर्व्हर बंद. आणि माझ्या स्क्रीनवर एकेक रेष अशी लख्ख, की मोजून घ्यावी!

मी काही बोलणार, तेवढ्यात बापूजींनीच ती उजेडात धरली आणि हरखले.

"निंघाला ना बे! हे काच घिऊन गेलो त धान्य देईन काय थो?"