कॅरमच्या खोलीला कुलूप

आज संध्याकाळी भाजी घेऊन येत होते, तर समाजभवनासमोर ही गर्दी. ढोल, फुगे, पांढऱ्या गाड्या. म्हटलं एवढ्या उन्हात कोणाचं लग्न काढलं? लग्न नव्हतं. सेल्फी पॉईंटचं उद्घाटन होतं. लोखंडी लाल बदाम, भोवती लाइटिंग, खाली ग्रॅनाइट. आणि त्या बदामाच्या बरोब्बर मागे ती खोली. कुलूप लागलेली. कुलपाला गंज धरलाय.

आमच्या भागातल्यांना कोणती खोली ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते. तिथे आठवड्यातून तीन दिवस एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं शिक्षण झालेली एक मुलगी बसायची, दुपारी ४ ते रात्री ८. बाहेर 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी नव्हती, आणि तेच बरं होतं. आत कॅरम होता. त्याची राणी कधीच हरवलेली, तिच्या जागी शर्टाचं लाल बटण. पोट्टे कॅरम खेळायला यायचे. आठ-दहा दिवस नुसतंच खेळायचे आणि मग एखाद दिवशी, मान वर न करता, स्ट्रायकर लावता लावता बोलून जायचे. "ताई, रात्री झोपच येत नाही."

मला हे माहीत आहे, कारण त्यातला एक पोट्टा माझ्या बहिणीचा होता. त्याला विचारूनच लिहितेय. नाव नको म्हणाला, बाकी लिही म्हणाला.

नीटचं दुसरं वर्ष होतं त्याचं. आधी जेवायला बाहेर येणं बंद झालं, मग आंघोळ, मग बोलणं. घरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मनोरुग्णालयाच्या ओपीडीत दाखवा. बहिणीच्या अंगात त्राण नव्हतं, म्हणून मी निघाले. सक्करदऱ्याहून ऑटो केला. हळूच म्हटलं, सदरच्या पुढे, छिंदवाडा रोडला. ऑटोवाला मागे वळून, चांगला मोठ्याने, "असं सांगा ना ताई, पागलखाना चौक!"

त्याचं तरी काय चुकलं? अख्खं नागपूर त्या चौकाला हेच म्हणतं. मीही म्हणत आले चाळीस वर्षं.

संविधान चौकाच्या सिग्नलला ऑटो थांबला आणि पोरगा उतरून चालायला लागला. मी मागे पळतेय, एका हातात पर्स, एका हातात त्याच्या रिपोर्टची पिशवी. गाठला तेव्हा म्हणाला, "मावशी, मी पागल नाहीये गं." बस. घरी परत.

(कुकर बघून आले. तीन शिट्ट्यांत राग थोडा उतरला असेल असं वाटलं होतं. नाही उतरला.)

ती खोली बंद का झाली? प्रकल्प संपला. तीन वर्षांचे पैसे होते, तीन वर्षं झाली. मुलीचा पगार पंधरा हजार होता. पंधरा! त्या बदामाच्या ग्रॅनाइटात तिचा किती महिन्यांचा पगार पुरलाय ते मी मोजणार नाही, नाहीतर रात्री मलाही झोप यायची नाही.

पण एक हिशोब केलाच. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. त्याच्या मार्गदर्शक सूचनांत एका जिल्ह्याला वर्षाला साधारण ८३ लाखांपर्यंत तरतूद. त्यात डॉक्टर, नर्स, समाजसेवक, औषधं, गाडी, प्रशिक्षण, सगळं. नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४६ लाखांच्या वर. भागून बघा. माणशी पावणेदोन रुपये. महिन्याला नाही, वर्षाला. तर्री पोह्यावरचा कांदा येत नाही तेवढ्यात.

आणि कायदा काय म्हणतो? २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, कलम १८. सरकार चालवतं किंवा ज्याला पैसा देतं अशा सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. परवडेल असे, जवळ असतील असे. हक्क, बरं का. कोणा संस्थेची मर्जी नाही की कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी काढलेला, उरलेला पैसा नाही. हक्काला कधी मुदत असते का, की तीन वर्षांनी कुलूप?

हो, १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन आहे. कोणीतरी खाली लिहिणारच, म्हणून आधीच मान्य करते. २०२२ च्या ऑक्टोबरात टेली-मानस सुरू झालं, फुकट आहे, मराठीत बोलतात, चांगली सोय आहे. नंबर लिहून ठेवा. पण दोन खोल्यांत सहा माणसं राहतात त्या घरातल्या पोराने फोनवर कुठे बोलायचं? संडासात?

कोर्टाचंही मान्य. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक नेमा, कोचिंगवाल्यांनीही. छान. पण दहावीतच शाळा सुटलेला, पाठीवर डिलिव्हरीची बॅग घेऊन मानेवाडा रिंगरोडवर फिरणारा पोट्टा कोणत्या कॅम्पसमध्ये जाणार आहे?

आमचा पोरगा कुठे गेला सांगते. त्या खोलीत. स्वतःच्या पायाने, स्लीपर घालून, घरापासून सात मिनिटं. कोणी नेला नाही, मित्र म्हणाला चल कॅरम खेळू. पहिले कित्येक दिवस ती मुलगी त्याच्याशी आजाराचं एक अक्षर बोलली नाही. फक्त हरायची. मुद्दाम हरते का, असं याने विचारलं, तेव्हा म्हणाली, नाही रे, मला खरंच येत नाही. तिथून बोलणं सुरू झालं.

पुढे गोळ्याही लागल्या, तेही सांगायला हवं, नाहीतर कॅरमने डिप्रेशन बरं होतं असं कोणीतरी फॉरवर्ड करेल. गोळ्या ज्या डॉक्टरांनी दिल्या ते त्याच मनोरुग्णालयातले. त्याच छिंदवाडा रोडवरचे. पण या वेळी तो बसने गेला, त्या मुलीसोबत, आणि सिग्नलला उतरला नाही. मनोरुग्णालय नको असं मी म्हणतच नाहीये. माणूस तिथपर्यंत पोचायला आधी गल्लीत एक दार लागतं, एवढंच म्हणतेय. आणि त्या दारात बसणाऱ्या माणसाला दर महिन्याला पगार लागतो, सरकारी तिजोरीतून, प्रकल्प संपला तरी.

मघाशी त्याला फोन केला. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आता. म्हटलं, तुझ्या खोलीसमोर बदाम बसवलाय. हसला. मग म्हणाला, "मावशी, कॅरम आतच आहे का गं?" मला माहीत नव्हतं. खिडकीला आतून पेपर चिकटवलेत.

ती मुलगी आता पुण्याला, कुठल्याशा कंपनीच्या एचआरमध्ये. तिला दोष नाही, तिलाही घर आहे.

सोमवारी सकाळी ११ ला महापालिकेच्या झोन ऑफिसात अर्ज द्यायला जातेय. मागणी एकच, ती खोली उघडा आणि तिथे बसणाऱ्या माणसाचा पगार बजेटमध्ये धरा. सह्या ३४ झाल्यात, त्यात त्या पोट्ट्यांच्या नऊ. ज्याला यायचं आहे त्याने या, मी गेटजवळ थांबते. बदामाचा फोटो टाकू का असं विचारू नका, मी काढलेलाच नाही.