'तुमचा लेख वाचून बायकोनं धावणं सोडलं': पोटरीदुखीवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण पहिलंच वाक्य लागलं. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. वहिनी ४४ वर्षांच्या. जानेवारीत तुमच्याबरोबर ठाण्यातल्या उपवन तलावाकडे धावायला लागल्या आणि दीड महिन्यात त्यांच्या पोटऱ्या दुखायला लागल्या. पोटरीदुखीवरच्या माझ्या लेखात 'दुखलं की विश्रांती घ्या' असं वाचून त्या तीन आठवडे घरी राहिल्या. रोज रात्री तेल चोळलं, दुखणं गेलं. मग पुन्हा नेहमीचे तीन किलोमीटर धावायला उतरल्या आणि पहिल्याच दिवशी उजवी पोटरी धरली. आता त्या म्हणतात, धावणं आपल्याला झेपणारं नाही. तुमचं म्हणणं असं की असले लेख माणसांना नाजूक करतात. दुखलं तरी धावत राहावं, पाय आपोआप तयार होतात, शाळेत कबड्डी खेळताना तुमचेही असेच झाले.

यातला अर्धा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्या लेखात विश्रांतीवर एक मोठा परिच्छेद आहे आणि विश्रांतीनंतर काय करायचं यावर एक ओळही नाही. ही चूक माझी आहे आणि तिचा त्रास वहिनींना झाला, याचं मनापासून वाईट वाटतं. विश्रांतीनं दुखणं शांत होतं, पण पोटरीची ताकद वाढत नाही. उलट तीन आठवडे काहीच केलं नाही तर ती थोडी कमीच होते. म्हणजे आधी जे अंतर जास्त होत होतं, तेच अंतर वहिनी आणखी कच्च्या पोटरीवर धावल्या. पोटरी धरणारच होती. त्यावरून 'आपल्याला झेपत नाही' असा निष्कर्ष त्यांनी काढू नये, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

उरलेला अर्धा आक्षेप मात्र मान्य नाही. दुखण्यावर दामटून धावायचं, हे मी स्वतः करून बसले आहे. २०१९ च्या जूनमध्ये डाव्या पोटरीत एका जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत होतं. दोन दिवस तसंच रेटलं. तिसऱ्या दिवशी कचराळी तलावाच्या फेरीत मागून कुणीतरी दगड मारला असं वाटलं आणि मी वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. पोटरीचा स्नायू फाटला की नेमकं असंच वाटतं, हे मला नंतर फिजिओथेरपिस्टकडून कळलं. आठ आठवडे गेले, त्यातले पहिले दहा दिवस जिना उतरताना कठडा सोडवत नव्हता. शाळेतल्या कबड्डीचं म्हणाल, तर तेव्हा पोरं दिवसभर उड्या मारत, पळत, थांबत, पुन्हा पळत असतात. पोटरीला ती सवय रोजच असते. वीस वर्षं खुर्चीत आणि लोकलमध्ये काढलेल्या पोटरीला तीच मागणी एकदम केली, तर उत्तर वेगळंच येतं.

नवीन धावणाऱ्यांची खरी अडचण अशी की दमसास आधी वाढतो आणि पाय मागे राहतात. चार-सहा आठवड्यांत धाप कमी होते, माणसाला वाटतं आता जमलं, आणि अंतर वाढतं. पण स्नायूला त्याहून जास्त वेळ लागतो आणि पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड दोरीला, म्हणजे अकिलिस टेंडनला, कित्येक महिने लागतात, कारण तिथला रक्तपुरवठाच कमी असतो. दीड महिन्याच्या सुमाराला पोटऱ्या बोलायला लागतात ते यामुळे. वहिनींचं गणित अगदी यात बसतं.

त्यात तुम्ही जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटल्या. एक, तुम्ही दोघं तलावाभोवती न धावता उपवनच्या पुढे येऊरच्या चढावर जाता. दोन, व्हिडिओ पाहून तुम्ही वहिनींना टाच न टेकता पंजावर धावायला सांगितलंत. चढावर टाच खाली जाते, पोटरी ताणली जाते आणि त्याच ताणलेल्या अवस्थेत तिला सगळं वजन वर ढकलावं लागतं. पंजावर उतरलं की गुडघ्यावरचा थोडा भार कमी होतो खरा, पण तो नाहीसा होत नाही, पोटरीवर आणि अकिलिस टेंडनवर येतो. यातलं काहीही मुळात वाईट नाही. येऊरचा चढ मलाही आवडतो, विशेषतः पहिल्या पावसानंतर. पण पहिल्या दोन महिन्यांत चढ आणि पंजा दोन्ही एकदम, हे कुणाच्याही पोटरीला जड आहे. वहिनींना सध्या सपाटीवर, त्यांचं पाऊल आपोआप पडेल तसं धावू द्या. पावलं फक्त थोडी आखूड ठेवायची.

आता लेखात राहून गेलेला भाग. पोटरीत मुख्य स्नायू दोन. वरचा फुगीर दिसणारा गॅस्ट्रोक्नेमियस, तो गुडघ्याच्या वरून सुरू होतो. त्याच्याखाली चपटा सोलियस, तो गुडघ्याच्या खालून. सावकाश धावताना जास्त राबतो तो हा दुसरा, आणि दुर्लक्षही त्याच्याकडेच होतं. म्हणून टाचा उचलण्याचा व्यायाम दोन्ही प्रकारे करायचा. स्वयंपाकघरातल्या ओट्याला हात लावून, गुडघे सरळ ठेवून दोन्ही टाचा उचलायच्या आणि मनात तीन मोजत सावकाश खाली आणायच्या. मग खुर्चीत बसून, गुडघे वाकवलेल्या अवस्थेत, मांडीवर पाच किलोची तांदळाची पिशवी ठेवून तेच. पंधरा-पंधराचे तीन फेरे, एक दिवसाआड. दोन्ही पायांवर सहज जमलं की एका पायावर. एका पायावर न थांबता वीस-पंचवीस वेळा टाच पूर्ण उचलता आली, म्हणजे पोटरी धावण्याच्या लायकीची झाली असं ढोबळमानानं समजावं. मी फाटलेल्या पोटरीवर पुन्हा सुरुवात केली तेव्हा सात वेळा जमत होतं.

भार देऊनच दुखणं बरं होतं यावर विश्वास बसत नसेल तर स्वीडनचे अस्थिशल्यचिकित्सक हाकान आल्फ्रेडसन यांचं काम सांगते. १९९८ मध्ये त्यांनी अकिलिस टेंडनच्या जुनाट दुखण्यावर पायरीच्या कडेवरून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम दिला. पंधराचे तीन फेरे, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. तो टेंडनसाठी आहे, नुकत्या फाटलेल्या स्नायूसाठी नाही, तेव्हा वहिनींनी तो जसाच्या तसा उचलू नये. पण 'दुखतंय, मग हलवूच नका' हा सल्ला किती अपुरा आहे ते त्यातून कळतं. या मुद्द्यावर तुम्ही बरोबर होतात.

चालणं म्हणजे हार मानणं, हे तुमचं वाक्य मात्र मागे घ्या अशी विनंती आहे. धावण्यात मधे मधे चालायचं, ही पद्धत जेफ गॅलोवे यांनी १९७० च्या दशकापासून शिकवली आणि ते स्वतः १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले. 'काउच टू फाइव्ह के' हा घरबशा माणसाला पाच किलोमीटर धावण्यापर्यंत नेणारा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये आखला. त्याचा पहिला आठवडा फक्त इतका आहे: ६० सेकंद हळू धावणं, ९० सेकंद चालणं, असं २० मिनिटं, आठवड्यातून तीनच दिवस. वहिनींनी तिथूनच सुरुवात करावी, दम कितीही शिल्लक असला तरी. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करावा.

आणि दुखण्याचं काय? दोन्ही पोटऱ्या सारख्याच भरून आल्या असतील, धावल्यानंतर एक-दोन दिवस जडपणा राहून जात असेल, तर तो कामाचा शीण आहे. त्यावर चाललं तरी चालतं. धावण्याआधी किंवा नंतर ताणून धरल्यानं हा शीण फारसा कमी होत नाही, वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यातही हेच निघालं आहे. बरं वाटत असेल तर ताणा, पण त्यावर विसंबू नका. धावताना बारीक दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पोटरी पूर्ववत असली, तर तितकाच भार ठेवायचा. सकाळी जास्त दुखत असेल तर कमी करायचा. पण एकाच पोटरीत, एका जागी, चमक निघून लंगडायला लागलं तर त्याच क्षणी थांबायचं आणि रिक्षा करून घरी यायचं. वहिनींची उजवी पोटरी त्या दिवशी अशी धरली होती का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. तसं असेल तर वरचे व्यायाम सुरू करण्याआधी फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा. आणि ताज्या दुखापतीवर जोरात तेल चोळू नका, निदान पहिले काही दिवस.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. एकच पोटरी सुजली, गरम किंवा लाल झाली, बसल्या जागीही दुखत राहिली, तर ते धावण्याचं दुखणं समजू नका. पायातल्या खोल रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी झाली तरी असंच होतं. लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया, प्लास्टर किंवा हार्मोनच्या गोळ्या यांनंतर तिचा धोका वाढतो. अशी पोटरी चोळायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, आणि सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट तातडीच्या विभागात जायचं. तसंच, ठरावीक अंतर चाललं की दरवेळी पोटरी भरते आणि थांबलं की मोकळी होते, असं मधुमेह किंवा धूम्रपान असलेल्यांना होत असेल, तर रक्तवाहिन्या तपासून घ्याव्यात. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनीही काहींचे स्नायू दुखतात. गोळी आपल्या मनानं बंद करू नये, डॉक्टरांच्या कानावर घालावं.

मूळ लेखात विश्रांतीनंतरचा भाग मी आज रात्रीच घालते आहे. वहिनींना एवढं करायला सांगा: लंगडणं नसेल आणि चालताना काही दुखत नसेल, तर ओट्याला हात लावून एका पायावर टाच किती वेळा पूर्ण वर जाते ते मोजायचं. दुखलं की तिथेच थांबायचं. आधी डावा पाय, मग उजवा. दोन्ही आकडे इथेच खाली लिहा, म्हणजे पहिला आठवडा कुठून सुरू करायचा ते मिळून ठरवू.