लॅपटॉपचा सेल, नटबोल्ट आणि दोन सेलची बॅटरी

सध्या आमच्याकडे गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. "शेतकरी बांधवांनो, मोठ्या सेलवर पैसे घालू नका" अशी सुरुवात आणि खाली रांगेनं जोडलेले हात. मधला मजकूर थोडक्यात असा: मोठ्या सेलच्या आत पेन्सिल सेलच असतो, कंपनी नुसता डबा मोठा करते. म्हणून पेन्सिल सेलला पुठ्ठा गुंडाळा, मागं चांदीचा कागद खोचा. तेवढाच उजेड, तेवढाच वेळ. एक मोठा एक छोटा, एक जुना एक नवा, कसेही चालतात. उतरलेला सेल उन्हात ठेवला की पुन्हा भरतो. आणि सगळ्यात भारी जुगाड म्हणजे भंगारातल्या लॅपटॉपचा सेल काढा, दोन सेलच्या बॅटरीत, म्हणजे टॉर्चमध्ये, एकच टाका, उरलेल्या जागेत नटबोल्ट घाला. उजेड दुप्पट, आणि आयुष्यभर सेल घेणे नाही. चार्ज करायला मोबाईलच्या चार्जरची वायर कापून लाल-काळी थेट सेलला लावायची.

असले मेसेज मी एरवी वाचून सोडून देतो. हा सोडता आला नाही, कारण तो आमच्या दाजींनी वाचला, आणि दाजी नुसतं वाचून थांबणाऱ्यातले नाहीत. रब्बीचं पाणी चालू आहे. थ्री फेज लाईट रात्रीची असली की हरभऱ्यात, ज्वारीत दारं धरायला माणूस एकटाच जातो आणि पायाखाली घोणस नाहीतर मण्यार. तिथं हातातली बॅटरी ही हौसेची वस्तू नाही. दाजींचा फोन आला, तो थेट मुद्द्याचा: "बोल्ट कितीचा टाकावा रे, आठचा का दहाचा?"

तर आधी बोल्टचंच बघू. बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे आहेत, हा माणसाला भाजणारा आहे.

लॅपटॉपच्या बॅटरीत बहुतेक वेळा जो गोल सेल निघतो त्याला १८६५० म्हणतात. हा आकडा म्हणजे मापच आहे: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. आपल्या मोठ्या सेलची जाडी ३४ आणि लांबी साडेएकसष्ट. दोन सेलच्या बॅटरीत १२३ मिलिमीटर जागा असते. त्यात ६५ चा सेल गेला की ५८ मिलिमीटर मोकळे राहिले, म्हणून तो बोल्ट. मापाचं गणित बरोबर आहे, व्होल्टचं कुणी केलंच नाही. मोठे दोन सेल मिळून ३ व्होल्ट होतात. लॅपटॉपचा एकच सेल पूर्ण भरलेला असला की ४.२ व्होल्ट देतो. दोन सेलचा जुना बल्ब असतो अडीच व्होल्टचा. तो आधी पांढराफेक पेटतो आणि मग जातो. मेसेजमधला "दुप्पट उजेड" तो हाच. एलईडीची स्वस्तातली बॅटरी असेल तर तिच्यात विजेला आवर घालायला एक छोटा रेझिस्टर असतो, कधी तोही नसतो. ती थोडा जास्त वेळ टिकते, तापते आणि मग मंद पडत जाते.

बल्ब गेला तर जाऊ द्या, दहा-वीस रुपयांचा मामला. खरी गोम सेलच्या टोकाला आहे. हा सेल हातात घेऊन पॉझिटिव्हची बाजू नीट बघा. मध्ये टिकली, तिच्याभोवती कागदाची पातळ चकती, आणि चकतीच्या लगेच बाहेर जी कडा आहे ती निगेटिव्ह. या सेलचा अख्खा पत्र्याचा डबाच निगेटिव्ह असतो. वरून फक्त प्लास्टिकचं पातळ कव्हर चढवलेलं. म्हणजे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांच्यामध्ये कागदाची एक चकती, बस्स. आता त्या टोकावर बोल्टचं रुंद डोकं ठेवा आणि मागून स्प्रिंगनं दाबा. भंगारातून आलेल्या सेलचं कव्हर लॅपटॉपचा पॅक (सेल जोडून केलेला डबा) फोडताना फाटलेलं, चकती चेंबलेली. बोल्टचं डोकं टिकलीला आणि कडेला एकदमच टेकलं की झालं शॉर्ट. साधा लाल सेल शॉर्ट झाला तर थोडा तापून दम टाकतो. हा शॉर्ट झाला तर दहा-वीस अँपिअर सहज ओततो. आणि हे सगळं कुठं, तर झाकण घट्ट फिरवून बंद केलेल्या धातूच्या नळीत. आतला वायू बाहेर पडायला वाट नाही. ही नळी माणसाच्या मुठीत असते, नाहीतर काखेत धरलेली, कारण दोन्ही हातांत फावडं असतं.

हे मी घरात बसून रचलेलं नाही. अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षा आयोगानं जानेवारी २०२१ मध्ये याच १८६५० सेलबद्दल जाहीर इशारा दिला: सुटे सेल विकत घेऊ नका, वापरू नका. हे सेल पॅकचा भाग म्हणून बनवतात, गिऱ्हाइकाला एकेक विकण्यासाठी नाही. पॅकमधून काढून, नवं कव्हर चढवून ते विकले जातात. खिशातल्या किल्ल्या किंवा सुट्या नाण्यांना टेकले तरी शॉर्ट होऊन जळता मसाला बाहेर फेकतात. इशाऱ्यात ज्या वस्तूंची नावं आहेत, त्यांत डोक्याला बांधायची बॅटरीसुद्धा आहे. आपल्याकडेही लिथियम सेलला आयएस १६०४६ हे मानक आहेच, पण भंगाराच्या पोत्यातून उचललेल्या सेलला ते काय कामाचं?

आणि चार्जिंग. मेसेज लिहिणाऱ्यानं इथं कहर केलाय. मोबाईलचा चार्जर ५ व्होल्टचा असतो म्हणून तो सेलला चालेल असं त्याचं म्हणणं. अरे बाबा, तो चार्जर नुसता वीज पुरवतो. किती घ्यायची आणि कुठं थांबायचं हे ठरवणारं सर्किट मोबाईलच्या आत असतं. लॅपटॉपच्या सेलला ४.२ व्होल्टवर थांबवावंच लागतं. थेट वायर लावली की थांबवणारं कुणी नाही, ४.२ च्या पुढं रेटत राहिलं की सेल आतून तापतो, आणि एका मर्यादेनंतर वायर काढली तरी तापणं थांबत नाही. दाजींच्या घरी चार्जिंगचा बोर्ड आहे पलंगाच्या उशाशी. वरून हे सेल वर्ष-वर्ष रिकामे पडलेले. अडीच व्होल्टच्या खाली जाऊन तसाच पडून राहिलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते भलत्याच जागी जमून आतल्या आत शॉर्ट होतो. बाहेरून सेल चांगला दिसतो.

आता जे खरं आहे ते मान्य करतो, नाइलाजानं. बंद पडलेल्या लॅपटॉपच्या पॅकमधले सगळेच सेल मेलेले नसतात. एक-दोन बसले की पूर्ण पॅक बंद पडतो. त्यातले बरे सेल निवडून वापरणारी माणसं आहेत. पण ती प्रत्येक सेलला मीटर लावतात, क्षमता तपासतात, त्याच्यासाठीचाच चार्जर वापरतात आणि बॅटरीही १८६५० साठी बनवलेलीच घेतात. अशा बॅटऱ्या आता तालुक्याच्या बाजारातही मिळतात, चांगल्या असतात, खुशाल घ्या. फक्त सेलवर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापलेलं दिसलं तर तो दुकानात परत ठेवा. या मापाच्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपासच मावतं.

मोठ्या सेलच्या आत छोटा सेल असतो, या दाव्याला उत्तर किराणा दुकानातल्या काट्यावर आहे. अल्कलाइनचा मोठा सेल भरतो १४० ग्रॅमच्या आसपास, पेन्सिल सेल तेवीस-चोवीस. डबा रिकामा असता तर हे वजन आलं कुठून? आणि चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकानं लहानपणी रेडिओचा सेल दगडानं फोडून आतली कोळशाची कांडी काढलीच आहे. तेव्हा हाताला लागली ती काळी भुकटी, पेन्सिल सेल कुणाला सापडला नव्हता. ही अफवा कुठून आली असेल तेही सांगतो. ९ व्होल्टचा चौकोनी सेल फोडला तर आत सहा बारके सेल निघू शकतात. आणि काही रिचार्जेबल मोठ्या सेलवर २५०० एमएएच लिहिलेलं असतं, म्हणजे पेन्सिल सेलइतकंच. तिथं गिऱ्हाइकाला खरंच मोठ्या डब्याचे पैसे पडतात. पण त्यावरून सगळ्याच सेलना एका माळेत ओवणं खोटं आहे.

पुठ्ठा गुंडाळायचा जुगाड मात्र चालतो. पेन्सिल सेल आणि मोठा सेल दोन्ही दीड व्होल्टचेच, त्यामुळं उजेड बराचसा तसाच पडतो. वेळ तसा पडत नाही. अल्कलाइन मोठ्या सेलमध्ये १२,००० एमएएचच्या पुढं साठा असतो, पेन्सिल सेलमध्ये अडीच हजारांच्या आसपास. पाच रात्री चालणारी बॅटरी एका रात्रीत उतरणार, तेही पहाटे तीनला, बांधावर. अडीनडीला करायचंच असेल तर नीट करा. पेन्सिल सेल मोठ्यापेक्षा ११ मिलिमीटर आखूड आहे. ती फट चांदीच्या कागदाच्या बोळ्यानं भरली की बोळा हळूहळू चेपतो, आणि पायाखाली ढेकूळ आलं, हात हिसकला की उजेड गेला. मग बॅटरी मांडीवर आपटत बसायचं. त्यापेक्षा प्लास्टिकचे अडॅप्टर मिळतात, ते स्वस्तही असतात आणि पेन्सिल सेल मधोमध घट्ट धरतात. काहींत दोन-तीन पेन्सिल सेल शेजारी शेजारी बसतात, तेवढाच वेळ वाढतो. पण ते सगळे एका जातीचे आणि एकाच दिवशी घातलेले हवेत.

कारण जुना-नवा, मोठा-छोटा एकत्र घातला की कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याच्यातून जबरदस्तीनं वीज ढकलत राहतो. रिकामा सेल उलटा भरायला लागतो आणि पाझरतो. झाकण फिरवलं तर फिरत नाही, पक्कडीनं काढलं तर स्प्रिंगवर पांढरा-हिरवट चोथा, आणि सेल नळीला असा चिकटलेला की बॅटरीच फेकावी लागते. सेलच्या पाकिटावर जुने-नवे मिसळू नका असं लिहिलेलं असतं, पण पाकीट वाचतो कोण.

उन्हात ठेवण्याचं म्हणाल तर आपल्या आजोबांनीही रेडिओचे सेल पत्र्यावर वाळत घातलेत. सेल विसावला आणि जरा कोमट झाला की थोडा वेळ तरतरी येते, एखादी बातमी ऐकून होते. भरत काही नाही. चुलीजवळ तर ठेवूच नका.

दाजींना मी एवढंच सांगितलं की तो लॅपटॉपचा सेल आधी खिशातून काढा, दोन्ही टोकांना वायरिंगची काळी टेप लावा आणि लेकरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, गंजीपासून लांब ठेवा. विहिरीत नको, उकिरड्यात नको, जाळायचा तर विचारही नको. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या विकणाऱ्या उत्पादकांवर आहे. जिल्ह्याच्या गावी जाणं झालं की लॅपटॉपच्या सर्व्हिस सेंटरला विचारून तिथं द्या. तोवर टेप निघू देऊ नका.