ॲस्पेन: बर्फ होताच, पैसा नव्हता

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या ॲस्पेनबद्दल एक फॉरवर्ड फिरतोय: खाणमजुरांचं गरीब खेडं होतं, बर्फ होता, हॉलिवूडवाले सुट्टीला आले, मागणी आणि घरांचे भाव वाढले आणि फक्त अब्जाधीशांचं गाव झालं. तात्पर्य, नटनट्या आणा, बाकीचं आपोआप होतं.

"गरीब खेडं." छे! १८८९मध्ये इथे ऑपेरा हाऊस आणि विजेचे दिवे असलेलं हॉटेल जेरोम उभं राहिलं. दोन्हींमागे मेसीज या न्यूयॉर्कच्या दुकानाचा माजी भागीदार जेरोम व्हीलर, आणि पैसा चांदीच्या खाणींचा. १८९३मध्ये सरकारने चांदीखरेदीचा कायदा रद्द केला, भाव गडगडला. १८९०ला पाच हजारांवर असलेली वस्ती १९३०ला ७०५वर आली.

"बर्फाने पैसा आणला." मग त्या ७०५ माणसांच्या काळात बर्फ पडत नव्हता का? १९३०च्या दशकाअखेरीस स्कीवाल्यांना, म्हणजे पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरणाऱ्यांना, डोंगरावर न्यायला होती होडीसारखी एक घसरगाडी. ती ओढायला खाणीतलं जुनं यंत्र आणि मोटारीचं इंजिन.

"हॉलिवूडने नाव केलं." नट गॅरी कूपर आला, घरही बांधलं, मान्य. पण गाव पुन्हा उभं करायला घेतलं ते शिकागोच्या वॉल्टर पेप्केने, खोक्यांच्या कारखानदाराने. १९४५मध्ये आला, पडीक घरं स्वस्तात घेतली, स्की कंपनीत पैसे घातले. गावकऱ्यांना घरासाठी फुकट रंग देऊ केला, अट एकच: छटा बाउहाऊस या जर्मन कलाशाळेतला कलाकार हर्बर्ट बायर ठरवणार. बऱ्याच जणांनी नाकारला! १९४९मध्ये जर्मन कवी गटेच्या जन्मद्विशताब्दीला त्याने थेट आफ्रिकेतून डॉक्टर आणि विचारवंत अल्बर्ट श्वाइत्झरना बोलावलं. तंबूत व्याख्यानं आणि संगीत. त्यातूनच संगीत महोत्सव आणि ॲस्पेन इन्स्टिट्यूट ही चर्चा-व्याख्यानांची संस्था. पैसेवाल्यांना नुसती उतरण नको असते, सोबत प्रतिष्ठाही लागते. पेप्केने ती पुरवली. तारे मग आयत्या बिळावर नागोबा.

"मागणी वाढली, भाव वाढले." अर्धंच खरं. आसपासची बहुतेक जमीन सरकारी जंगलाची. त्यात १९७०च्या दशकात स्थानिकांनीच गाव काँक्रीटखाली जाऊ नये म्हणून नव्या बांधकामावर मर्यादा घातल्या. हेतू चांगला होता, पण असलेल्या घरांना सोन्याचा भाव आला.

"तिथे फक्त अब्जाधीश राहतात." स्थानिक नोकरदारांसाठी राखीव अशी सुमारे ३,००० घरं तिथे आहेत. तरी ती पुरत नाहीत. स्कीवाल्यांची लिफ्ट चालवणारे, स्वयंपाकी, सुतार यांच्यातले कित्येक जण खालच्या कार्बनडेल, ग्लेनवूड स्प्रिंग्जहून ये-जा करतात. काही तर शंभरेक किलोमीटरवरच्या रायफलहून.