सर्व्हरवर राहते कोण, म्हणून 'होम'ला एवढी जागा?

सर्व्हरची डिस्क विभागणाऱ्या माणसाला पुढे त्या सर्व्हरबरोबर दिवस काढावे लागत नाहीत, आणि म्हणूनच तो ती इतक्या बेफिकिरीने विभागतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

फोंड्यातील एका पतसंस्थेचा सर्व्हर नेमका चवथीच्या तोंडावर, ठेवी काढायला आलेल्या लोकांची रांग दारापर्यंत गेलेली असताना, ठप्प झाला. डिस्क बिघडली नव्हती आणि वीजही गेली नव्हती (पावसाळ्यात हे एक नवलच); लॉगमध्ये फक्त 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' हे वाक्य पुन्हा पुन्हा उमटत होते. जागा नाही म्हणजे काय, डिस्क तर एक टीबीची! कोणत्या विभागात किती जागा उरली ते दाखवणारी 'डीएफ' ही आज्ञा चालवून पाहिली, तेव्हा रूट (लिनक्सचा मूळ विभाग) काठोकाठ भरलेले आणि 'होम' (लॉगिन करणाऱ्यांच्या स्वतःच्या फायलींचा विभाग) जवळजवळ रिकामे होते.

हे असे का होते, ते गुपित नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ या सर्व्हरसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये विभागणी इन्स्टॉलरवर सोपवली, तर मोठ्या डिस्कवर तो रूटला जास्तीत जास्त ७० जीबी देतो आणि उरलेली जवळजवळ सगळी जागा 'होम'च्या पदरात टाकतो. ज्या यंत्रावर अनेक माणसे लॉगिन करून आपापल्या फायली ठेवतात, तिथे हे ठीक आहे. पतसंस्थेच्या सर्व्हरवर मात्र देखभाल करणाऱ्याखेरीज कोणीही लॉगिन करत नाही. तिथे वाढतो तो डेटाबेस, वाढतात ते लॉग, आणि ही दोन्ही मंडळी 'व्हार' या फोल्डरमध्ये नांदतात. 'व्हार'ला स्वतंत्र विभाग दिलेला नसल्यामुळे तो सगळा भार रूटवर येतो. पुरवठादाराच्या माणसाने 'नेक्स्ट'चे बटण दाबण्यापूर्वी 'या यंत्रावर नक्की काय चालणार आहे?' एवढा एक प्रश्न विचारला असता, तर त्याचे काय बिघडले असते?

बरे, 'आम्ही सगळे विचारपूर्वक करतो' म्हणणाऱ्यांची तऱ्हा याहून वेगळी नाही. रॅमच्या दुप्पट स्वॅप (रॅम अपुरी पडल्यास तिच्याऐवजी वापरायची डिस्कवरची संथ जागा) हा नियम रॅम मोजक्या एमबींत मिळत होती तेव्हाचा. तो आजही डोळे मिटून पाळणारे महाभाग ६४ जीबी रॅमच्या यंत्रावर १२८ जीबी स्वॅपसाठी अडवून ठेवतात. डेटाबेस खरोखरच एवढ्या स्वॅपवर चालू लागला, तर काउंटरवरचा माणूस एका पासबुकाच्या नोंदीसाठी जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाट पाहील.

मला सर्वांत जास्त चीड येते ती पुढच्या गोष्टीची. एलव्हीएम (विभागांचे आकार नंतर बदलू देणारी लिनक्सची व्यवस्था) वापरले होते, म्हणजे व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, अर्थात विभागांच्या सामाईक साठ्यात, थोडी जागा मोकळी ठेवून, जो विभाग भरेल त्याला सर्व्हर चालू असतानाच वाढवून देण्याची सोय हाताशी होती. पण सगळी जागा पहिल्याच दिवशी वाटून टाकली. त्यात फाइल सिस्टीम (विभागात फायली मांडून ठेवण्याची पद्धत) एक्सएफएस, जी वाढवता येते, पण लहान करता येत नाही. त्यामुळे 'होम'मधून शंभर जीबी काढून रूटला देणे शक्य नाही. 'होम'मधील थोड्याफार बॅकअप फायली दुसरीकडे हलवायच्या, तो विभाग समूळ काढून टाकायचा, रूट वाढवायचे आणि उरलेल्या जागेत 'होम' लहान आकाराने नव्याने बांधायचे, एवढाच मार्ग उरतो. जाणत्या माणसाला हे एका संध्याकाळचे काम आहे, परंतु देखभालीच्या करारानुसार यंत्राला हात लावण्याचा अधिकार फक्त पुरवठादाराचा.

पुरवठादाराने पाहणी केली आणि लेखी उत्तर पाठवले: विद्यमान डिस्कची क्षमता अपुरी पडत असल्याने दोन टीबीची नवीन डिस्क खरेदी करावी, दरपत्रक सोबत जोडले आहे. त्याच दरपत्रकात 'पार्टिशनिंग शुल्क' अशी एक वेगळी ओळ आहे.