झाकली फाइल सव्वा लाखाची

तर तुम्ही पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, डिझाइन करायचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलंय. अभिनंदन! राउटिंग (बोर्डावरच्या जोडण्या आखणं), डीआरसी (डिझाइनची नियम-तपासणी), थ्रीडी व्ह्यू हे सगळं सावकाश होत राहील. आधी फाइल फॉरमॅटचं बघा. गिऱ्हाईक फीचर्सवर भाळून येतं खरं, पण टिकतं ते दुसरीकडे जायची सोय नसते म्हणून.

फॉरमॅट बायनरीच ठेवा. मेमरीत जे स्ट्रक्चर आहे ते तसंच डिस्कवर ओतायचं, काम संपलं. टेक्स्ट ठेवलंत तर लोक नोटपॅडमध्ये उघडून बघतील, बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये टाकतील आणि आर१७ या रेझिस्टरची व्हॅल्यू परवा संध्याकाळी कुणी बदलली हे दोन मिनिटांत शोधून काढतील. चांगल्या चाललेल्या ऑफिसात भांडणं कशाला लावता? कायकॅड या फुकटच्या पीसीबी सॉफ्टवेअरवाल्यांनी हा आगाऊपणा केलाय. कंसात कंस घालून अख्खा बोर्ड माणसाला वाचता येईल असा लिहितात, आणि वर त्याचं वर्णनही सगळ्यांसाठी खुलं ठेवतात.

ईगल या जुन्या पीसीबी सॉफ्टवेअरची गोष्ट तर तुम्ही भिंतीवर लावून ठेवा. सहाव्या आवृत्तीपासून त्यांनी एक्सएमएल हा टेक्स्ट फॉरमॅट घेतला, सोबत त्याची रचना सांगणारी डीटीडीही देऊन टाकली. पुढे ईगलची मालक कंपनी ऑटोडेस्कने जाहीर केलं की ७ जून २०२६ नंतर ईगल मिळणार नाही. अशा वेळी गिऱ्हाइकाने कसं हातापाया पडायला हवं! पण फायली वाचता येत होत्या, त्यामुळे त्याला कायकॅडचा इम्पोर्ट मेनू मोकळा होता. घ्या, करा अजून उपकार.

बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला पाठवायच्या फायलींसाठी जुन्या गर्बर फॉरमॅटचा आदर्श ठेवा. त्याच्या आरएस-२७४-डी या आवृत्तीत नुसते कोऑर्डिनेट्स आणि ‘आता डी१० अॅपर्चर घ्या’ एवढंच असायचं (अॅपर्चर म्हणजे रेघ किंवा ठिपका उमटवायचा आकार). डी१० म्हणजे गोल की चौकोनी, केवढा, ते वेगळ्या कागदावर. कारखान्यात फायली मशीनसाठी तयार करणारा कॅमवाला तो कागद बघून तक्ता हाताने भरायचा, चुकला तर त्याचा तो गाढव. किती सोयीची व्यवस्था! पण गर्बर सांभाळणाऱ्या युकॅम्को कंपनीने २०१४ मध्ये हा फॉरमॅट रद्दच करून टाकला. वर नव्या गर्बरचं स्पेसिफिकेशन फुकट डाउनलोडला ठेवलंय, तेही उदाहरणांसकट. काही लोकांना धंदा कळतच नाही.

त्या मानाने ड्रिल फाइलीत अजून जीव आहे. एक्सेलॉन या ड्रिल फॉरमॅटमध्ये एका भोकाचा एक्स ‘०१५’ असा लिहा. इंचात, दोन अंक पूर्णांकाचे, चार दशांशाचे. मागची शून्यं गाळली असं समजून वाचलं तर भोक दीड इंचावर, म्हणजे ३८ मिलिमीटरवर. पुढची गाळली असं धरलं तर ०.००१५ इंचावर, केसाच्या जाडीपेक्षाही कमी, म्हणजे शून्यबिंदूलाच चिकटून. आता हेडरमध्ये काही लिहायचंच झालं, तर एक गंमत करता येते. एक्सेलॉनच्या हेडरमधलं ‘एलझेड’ सांगतं की पुढची शून्यं ठेवली आहेत, आणि गर्बरमधलं ‘एल’ सांगतं की पुढची शून्यं गाळली आहेत. दोन्ही फायली एकाच झिपमध्ये, एकाच बोर्डाच्या. तुम्ही फक्त मॅन्युअलमध्ये ‘एल पर्याय पाहा’ एवढं लिहा आणि बाजूला व्हा. ड्रिल फाइलीला टीएक्सटी एक्स्टेन्शन द्यायची जुनी पद्धतही मोडू नका. बोर्ड बनवणारा फॅबवाला ती रीडमी समजून डिलीट करतो आणि मग ‘साहेब, ड्रिल आलं नाही’ म्हणून फोन करतो. तेवढीच ओळख वाढते.

डॉक्युमेंटेशन मात्र जरूर लिहा, टेंडरमध्ये विचारतात. चाळीस पानांचं पीडीएफ करा, त्यातली सहा पानं कॉपीराइटची. ‘फील्ड ७ : फ्लॅग्ज. इथे फ्लॅग्ज असतात.’ ‘फील्ड ८ : राखीव.’ (फील्ड ८ मध्ये सोल्डर मास्कचं (बोर्डावरच्या संरक्षक थराचं) एक्स्पान्शन असतं, पण ते तुमच्या आणि माझ्यात.) युनिट मिल (इंचाचा हजारावा भाग) की मिलिमीटर हे लिहू नका, एका मिलचे ०.०२५४ मिलिमीटर ज्याचे त्याने करून घ्यावेत. वाय अक्ष वर वाढतो की खाली, यावर मौन पाळा. कायकॅडच्या बोर्डात तो खाली वाढतो, गर्बरमध्ये वर. म्हणजे दोन्ही बाजूंना पुरावा आहे. खालच्या बाजूच्या पार्टांचं रोटेशन वरून बघून मोजायचं की बोर्ड उलटा करून, याबद्दल ‘प्रचलित पद्धतीनुसार’ असं लिहा. मग भोसरीच्या कुठल्याशा शेडमध्ये पार्ट बसवणाऱ्या पिक-अँड-प्लेस मशीनवरचा पोरगा रीफ्लो भट्टीतून निघालेला पहिला बोर्ड भिंगाखाली धरेल, एलईडीची दिशा दाखवणारी हिरवी खूण कुठल्या बाजूला आहे ते बघेल आणि तुमची प्रचलित पद्धत काय ते आपल्या शब्दांत सांगेल. ते शब्द मॅन्युअलमध्ये घेता येणार नाहीत.

राहिला प्रश्न जुन्या फायलींचा. फाइल उघडताक्षणी न विचारता नव्या आवृत्तीत सेव्ह करा. तरी दहा वर्षांनी कुणीतरी जुनी बॅकअप सीडी घेऊन उगवतोच. मशीन चालू आहे, एक बोर्ड जळलाय, पुन्हा करून हवाय म्हणतो. त्याला शांतपणे सांगा : आधी चौथ्या आवृत्तीत उघडा, सेव्ह करा, मग सहावीत. चौथीचं लायसन्स डोंगलवर (पीसीला लावायच्या किल्लीवर) आहे, डोंगल जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टचा आहे. पॅरलल पोर्टवाला पीसी कुठे मिळेल असं त्याने विचारलं, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारून बघा म्हणा, आणि एएमसीचं (वार्षिक देखभालीचं) बिल आजच्या तारखेचं पाठवा.